नदीकाठचा लाभ कोण मोजणार?

महोदय,

कोणताही नियम करण्यापूर्वी त्याचा खर्च आणि लाभ मोजावा, ही अपेक्षा वाजवीच आहे. परंतु तो हिशेब कोण मांडतो, यावर नियमाचे भवितव्य ठरते. कृष्णाकाठचेच उदाहरण घेऊ. सांडपाण्याचे निकष कडक करायचे म्हटले, तर खर्च मोजक्या कारखान्यांवर पडतो. त्यांच्याकडे सल्लागार, वकील आणि संघटना असल्यामुळे यंत्रणेची किंमत आणि धोक्यात येणाऱ्या नोकऱ्यांचे आकडे हरकतींच्या मुदतीतच दाखल होतात. लाभ मात्र काठच्या हजारो घरांत विखुरलेला असतो: कोणाचा दवाखान्याचा खर्च वाचतो, कोणाला पाण्याचा जार विकत घ्यावा लागत नाही, कोणाच्या जाळ्यात मासे टिकतात. एकेका घराचा वाटा इतका लहान, की त्यासाठी रोजगार बुडवून जनसुनावणीला जाणे परवडत नाही (ती नेमकी सुगीतच का येते, कोण जाणे), आणि दुसरा कोणी जाईलच, असे प्रत्येकाला वाटते. परिणामी कागदावर खर्च ठळक आणि लाभ पुसट उमटतो, आणि ज्यांना एकत्र येणे आधीच सोपे, त्यांचेच बळ वाढते.

तरीही ही पद्धत मोडीत काढावी, असे मला वाटत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये मोठ्या नियमांसाठी असा हिशेब सक्तीचा केला, तो उद्योगांवरील ओझे हलके करण्यासाठीच. पेट्रोलमधील शिशाची मर्यादा सैल करण्याचाही विचार तेव्हा सुरू होता. परंतु तेथील सरकारी पर्यावरण संस्थेने शिशाने बाधित मुलांच्या उपचारांचा आणि शिक्षणाचा खर्च स्वतः मोजला. लाभ खर्चाहून कितीतरी अधिक निघाला आणि १९८५ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची मर्यादा गॅलनला १.१ ग्रॅमवरून ०.१ ग्रॅमवर आणण्याचा निर्णय झाला. त्या मुलांची काही संघटना नव्हती.

आपल्याकडे उलट, पर्यावरणीय मंजुरीच्या २०२० च्या मसुद्यात जनसुनावणीपूर्वी लोकांना मिळणारी ३० दिवसांची मुदत २० वर आणण्याचे सुचवले गेले होते. दहा दिवस कमी झाल्याने सल्लागाराचे काही अडत नाही. ग्रामसभेचे मात्र अडते, कारण तेवढ्या अवधीत जाडजूड इंग्रजी अहवाल वाचून कोणाला समजावून सांगणेच होत नाही.

माझी मागणी साधी आहे. निकष बदलण्याचा मसुदा काढताना काठच्या गावांना होणारा लाभ सरकारने स्वतःच्या खर्चाने मोजावा, तो हिशेब मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि हरकतींची मुदत त्या दिवसापासून धरावी.

एक वाचक,
भिलवडी, जि. सांगली