पहाडातून आलेल्या जवानभाऊंना, श्रीवर्धनच्या आगरांकडून

पुणे

जवानभाऊ,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीतच लिहितोय. पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याच्या तळावर राहून तुम्ही ती शिकलात, आणि आमच्या आगरात दुसऱ्या दिवसापासून 'सरका, सरका' ही आरोळी आमच्याआधी तुमचीच ऐकू यायची. आम्ही पुण्यात राहणारी, श्रीवर्धन-दिवेआगरला वाडवडिलांची आगरं, म्हणजे माड-पोफळीच्या (नारळ-सुपारीच्या) बागा, असलेली मंडळी. २०२० च्या निसर्ग वादळानंतर एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) तुमच्या पथकाने आमच्या वाटा मोकळ्या केल्या, पण आभार तेव्हा तोंडाला मास्क बांधून, लांबूनच मानले गेले. ते नीट मानायचे राहिले होते. झाडं कापून दिलीत याचे तर आहेतच, पण ती कापायची कशी हे दाखवून गेलात याचे त्याहून जास्त.

तुमचं घर हिमाचलात, देवदारांच्या पट्ट्यात. नुसत्या वाऱ्याने एवढं होतं, हे पहिल्या दिवशी तुम्हाला पटत नव्हतं. तुमच्या त्या प्रश्नाला तेव्हा कुणी धड उत्तर दिलं नाही, म्हणून आधी ते देतो.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ३ जून २०२० ला दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत शिरलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत १३० पर्यंत जात होते. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ७० किलोचा जोर येतो. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पत्रा घेतला तर त्यावर दोनशे किलोंहून अधिक, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम बारा-पंधरा किलो. तुमच्याकडे छतावर बर्फ साचतं, म्हणून तुळया जाड घालतात आणि वर दगडी स्लेट बसवतात. सगळा भार वरून खाली येतो. आमच्याकडे तो खालून वर येतो. पहाडातलं छत पेलावं लागतं, कोकणातलं धरून ठेवावं लागतं. मोडलेल्या घरांच्या भिंती शाबूत आणि छपरं शेजारच्या आगरात, हे जे तुम्ही पाहिलंत, त्याचं कारण हे.

दुसरा प्रश्न तुमच्या साथीदारांचा होता: झाडं एकाच दिशेला का पडली नाहीत? आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. श्रीवर्धन त्याच्या वाटेच्या दक्षिणेला, म्हणजे उजव्या अंगाला होतं, आणि उजवं अंग जास्त जोराचं, कारण तिथे फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते. आधी वारा आग्नेयेकडून आला, मग दक्षिणेकडून, शेवटी नैऋत्य-पश्चिमेकडून, थेट समुद्रावरून. पहिल्या वाऱ्याने पोफळी समुद्राकडे आडव्या केल्या, शेवटच्याने माड त्यांच्यावर डोंगराकडे आणून टाकले. त्यामुळे ढीग आडव्या-उभ्या काड्यांच्या खेळासारखा झाला होता. खालची काडी आधी ओढायची नाही, हे तुम्ही कुणी न सांगता ओळखलंत.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडचे गडी कोयत्यात तयार, माडावर चढण्यात तयार. पण वाकून अडकलेलं, ताणलेलं झाड कापणं हे वेगळं काम आहे, आणि वादळात न गेलेली माणसं वादळानंतर त्यातच जातात. बर्फाच्या ओझ्याने कमानीसारखी वाकलेली झाडं तुम्ही लहानपणापासून पाहिलेली. तुमचं पहिलं काम कटर (साखळीची यांत्रिक करवत) सुरू करणं नसायचं. तुम्ही खोडाभोवती पूर्ण फेरी मारायचात, हात लावायचात आणि ताण कुठल्या बाजूला आहे ते सांगायचात.

कमानीची बाहेरची बाजू ताणलेली असते, आतली दाबलेली. खोडाची दोन्ही टोकं टेकलेली असतील आणि मध्य अधांतरी असेल तर ताण खालच्या अंगाला. एकच टोक टेकलेलं असेल तर ताण वर. आंब्याच्या सालीवर हे दिसतंही: दाबाकडे साल चुरगळते, ताणाकडे भेगाळते. ताणाच्या बाजूला आधी कटर लावला तर लाकूड मधोमध उभं चिरतं आणि त्याचा फटका सरळ छातीवर येतो. दाबाच्या बाजूने खोल गेलात तर काप मिटतो आणि पातं आवळून बसतं. म्हणून तुमचा क्रम असा: दाबाच्या बाजूला जाडीच्या एक तृतीयांशापर्यंतच काप, त्याआधी पातं आवळायला लागलं तर तिथेच थांबायचं, मग त्याच रेषेत ताणाच्या बाजूने, घाई न करता, लाकूड कडकडायला लागेपर्यंत. झाड आडवं वाकलेलं असेल तर उभं राहायचं ते कमानीच्या आत, दाबाच्या बाजूला, कारण सुटलेलं खोड बाहेर झेपावतं. पात्याचं टोक, विशेषतः टोकाचा वरचा भाग, कशालाच टेकू द्यायचा नाही. टेकला की मशीन उलटून तोंडावर येते.

मुळासकट उपटलेल्या झाडाचं तुम्ही जे सांगितलंत, ते आमच्यातल्या जुन्या माणसांनाही माहीत नव्हतं. खोड जमिनीवर आडवं, आणि मुळांचा गड्डा मातीसकट भिंतीसारखा उभा. खोडाचं वजन त्या गड्ड्याला धरून असतं. खोड कापलं की गड्डा एकदम परत खड्ड्यात बसतो, किंवा कापणाऱ्याच्या अंगावर येतो. मुलं नेमकी त्या खड्ड्यात उतरून खेळतात. तुम्ही प्रत्येक वेळी आधी खड्ड्यात डोकावायचात, गड्ड्याला दोर बांधून दुसऱ्या झाडाला आवळायचात, आणि बुंध्याशी चार-पाच फूट खोड ठेवूनच काप घ्यायचात. कापताना अवतीभवती कुणी नाही ना, हे तर दर वेळी.

माडाने मात्र तुमची परीक्षा पाहिली. देवदाराच्या सवयीचा हात माडावर चालत नाही. बाहेर कडक कवच, आत मऊ गर, आणि सगळे उभे तंतू. ओले तंतू साखळीत गुंततात आणि कव्हराखाली कोंबून बसतात. त्यात किनाऱ्यावरच्या खोडात वाळू. दोन माड कापले की साखळी लाकूड कापायचं सोडून घासायला लागते. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की साखळी बोथट झाली, ही खूण तुमचीच. दर वेळी पेट्रोल भरताना कव्हर उघडून तंतू काढायचे आणि गोल कानशीने प्रत्येक दाताला दोन-तीन सारखे हात द्यायचे, हे आम्ही तसंच चालू ठेवलंय. टू-स्ट्रोकला लिटरमागे २० मिली तेल, ते डब्यातच मोजून मिसळलेलं, आणि साखळीचं तेल वेगळं. मिश्रणात अंदाज केला की मशीन ऐन कामात जाम होते.

तारांबद्दल थोडक्यात, पण हे प्रत्येकाने वाचावं. वीज गेली म्हणजे तार मेली असं नसतं. कुणीतरी घरात जनरेटर लावतो, मेन स्विच न काढता, आणि ती वीज उलटी लायनीत जाते. झाडावर तार असेल तर महावितरणच्या माणसाने लाइन बंद करून अर्थिंग केल्याशिवाय तुम्ही हात लावला नाहीत, लोक कितीही चिडले तरी. त्याबद्दल वेगळे आभार.

छपरांकडे पाहून तुम्ही म्हणालात की कोपऱ्यातले पत्रे सगळ्यांचे आधी गेलेत. बरोबर आहे. वाऱ्याची ओढ पागोळीच्या कडेला, आढ्याला आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त असते. खारी हवा हुक बोल्टला आतून खाते. वरची चाकी ठीक दिसते आणि आटे गंजून बारीक झालेले असतात. डांबरी वॉशर गेला की पत्रा भोकापाशी हादरत राहतो, भोक लांबट होतं आणि एका झोतात पत्रा बोल्टवरून निघून जातो. नवे पत्रे टाकताना गॅल्वनाइज्ड हुक, पत्र्याच्या उंचवट्यावर भोक, कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळीत बोल्ट दाट, आणि कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) भिंतीतल्या पट्टीला नटबोल्टने बांधलेल्या, असं केलंय. कौलारू घरांना पागोळीच्या शेवटच्या तीन ओळी तारेने रिपेला बांधल्यात. आणि वाऱ्याच्या अंगाचं दार बंद, आडणा (आतून आडवा दांडा) घालून. ते उघडं राहिलं की घर आतून फुगतं आणि छपराला खालूनही धक्का बसतो.

सगळ्यात जपून ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे तुम्ही जे कापलं नाहीत ते. वाट मोकळी करायची होती, कलती झाडं सरसकट कापली असती तर कुणी बोललं नसतं. पोफळ नऊ फुटांवर लावलेली, फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. आगर संपलं म्हणजे एक पिढी थांबली. अर्धी मुळं जमिनीत शाबूत असलेलं प्रत्येक कोवळं झाड तुम्ही बाजूला सोडलंत आणि शेंदरी पट्टी बांधलीत. पुढचं काम आमचं होतं. खालची झापं (झावळ्या) उतरवली, उघड्या पडलेल्या मुळांखालची माती मोकळी केली, खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर दोर घेतला आणि हळूहळू, मध्ये थांबत थांबत उभं केलं. शेंड्याला दोर कधीच नाही; माडाला आणि पोफळीला एकच कोंब असतो, तो मोडला की झाड गेलं. मग माती दाबून तीन बाजूंनी बांबूचे टेकू दिले, वर्षभर ठेवले. जखमांना बोर्डो मलम लावलं: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी.

उभ्या राहिलेल्या पोफळींचं एक दुखणं उशिरा कळतं. शेजारच्या झाडांची सावली गेली की पश्चिमेचं ऊन थेट खोडावर येतं, साल भाजते, पिवळे डाग पडतात, आणि पुढच्या वादळात खोड नेमकं तिथेच मोडतं. पावसाळा सरल्यावर त्या अंगाला चुना फासला, काहींना झापं बांधली. कुजकी खोडं आगरात ठेवली नाहीत, कारण गेंड्या भुंगा त्यातच वाढतो आणि जगलेल्या माडांच्या कोंबात शिरतो. शेंदरी पट्टीवाली बरीच झाडं आज उभी आहेत. पट्ट्या विरून गेल्या, पण कुठली ती झाडं हे आम्हाला पाठ आहे.

वादळाच्या बातम्या आल्या की आम्ही शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या पत्रकाकडे डोळे लावून असतो. ते ऑफिस १९२८ मध्ये तुमच्या सिमल्याहूनच पुण्यात आलं, आणि त्या चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. कोकणच्या वाऱ्याची खबर देणारेही पहाडातून आले आणि वाऱ्यानंतर हाताला हात देणारेही, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

तुमचा एक नायलॉनचा दोर आमच्याकडे राहिलाय, बारा मिलिमीटरचा, तीस मीटर. खारं पाणी लागलं होतं, म्हणून गोड्या पाण्यात दोनदा धुऊन सावलीत वाळवला. एका जागी पीळ घासून केसाळ झालाय, तिथे लाल धागा बांधलाय. भार द्यायचा झाला तर तेवढा भाग कापून टाका. येत्या रविवारी सुदुंबऱ्याला आणून देतो. सोबत आगरातली सोललेली सुपारी आहे, शेंदरी पट्टीच्या झाडांची, तुमच्या घरी पाठवायला.

आपले,
श्रीवर्धन-दिवेआगरची पुण्यातली मंडळी