विमानाची खुर्ची, तिची गादी आणि आठ आकडे : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : विमानाच्या अंतर्भागात बसवल्या जाणाऱ्या आयात भागांचे सीमाशुल्क वर्गीकरण

महोदया,

वस्तू व सेवा कर परिषदेने २२ जून २०२४ च्या ५३ व्या बैठकीत विमानांचे सुटे भाग, चाचणीची उपकरणे आणि हत्यारे यांच्या आयातीवर, वर्गीकरण कोणतेही असो, काही अटींवर सरसकट ५ टक्के एकात्मिक जीएसटी लावण्याची शिफारस केली आणि १५ जुलैपासून ती अमलात आली. त्यापूर्वी एकाच विमानासाठी आणलेल्या वस्तूंवर ५, १२, १८ आणि २८ टक्के असे चार दर लागू होत असत. 'वर्गीकरण कोणतेही असो' हे शब्द वाचून, या कामात वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला खरोखर हायसे वाटले. मात्र मूळ सीमाशुल्क आणि जुन्या आयातींवरील थकबाकीच्या मागण्या आजही वर्गीकरणाच्या आठ आकड्यांवरच, म्हणजे दर ठरवण्यासाठी प्रत्येक आयात वस्तूला लावल्या जाणाऱ्या आठ अंकी क्रमांकावरच ठरतात, म्हणून हे पत्र.

अडचण समजण्यासाठी एकच वस्तू घेऊ. प्रवाशाची संपूर्ण खुर्ची विमानाशिवाय कुठेही वापरता येत नाही. अपघाताच्या धक्क्यात ती तग धरते की नाही हे पाहण्यासाठी तिला पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट बळाची चाचणी द्यावी लागते. तरीही ती विमानाच्या भागांच्या ८८०७ या शीर्षकात (त्या क्रमांकाच्या पहिल्या चार आकड्यांच्या गटात) जात नाही. तिच्यासाठी ९४०१ १० ०० हा स्वतंत्र क्रमांक फर्निचरच्या प्रकरणात आहे, आणि जी वस्तू अन्यत्र अधिक नेमकेपणाने सांगितली आहे ती विमानाचा भाग म्हणून धरता येत नाही, हा नियम जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत लिहिलेला आहे. इथपर्यंत कोणाचाही वाद नाही. वाद सुरू होतो तो खुर्ची सुटी झाल्यावर. हाताचा टेका किंवा पाठीचा सांगाडा वेगळा मागवला तर तो आसनांचे भाग म्हणून ९४०१ मध्येच राहतो. ती खुर्ची जमिनीला बांधणारा साधा बोल्ट मात्र सर्वसाधारण वापराचा भाग ठरून ७३१८ मध्ये जातो. आणि गादी? ती एकटी आली तर ९४०४, आसनाच्या दुसऱ्या भागाला जोडून आली तर ९४०१. म्हणजे पुरवठादाराने गादी खोक्यात कशी भरली यावर तिचे शीर्षक बदलते. हे नियमाला धरूनच आहे, हे मी नाकारत नाही. पण देखभाल केंद्रातील अभियंत्याला हे समजावून सांगताना माझी दरवेळी थोडी पंचाईत होते.

केबिनमधील इतर अनेक वस्तूंविषयी मी सवलत मागत नाही. गॅलीतील, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरातील, कॉफी यंत्र त्याच्या स्वतःच्या शीर्षकात, दिवे ९४०५ मध्ये आणि गालिचा ५७ व्या प्रकरणातच जायला हवा. केबिनमध्ये बसवलेली प्रत्येक गोष्ट विमानाचाच भाग आहे, असा युक्तिवाद आयातदारांच्या बाजूने अनेकदा केला जातो, तो मला पटत नाही. उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र वस्तूची सुरक्षितता सांगते, तिचे शीर्षक ठरवत नाही.

खरा गुंता आहे तो टिपांच्या परस्परसंबंधाचा. सीमाशुल्काच्या दर अनुसूचीत वाहने आणि विमाने ज्यात येतात त्या सतराव्या विभागातील दुसरी टीप विद्युत उपकरणांसह काही वस्तूंना 'भाग' या संज्ञेतून वगळते, तर तिसरी टीप 'केवळ किंवा प्रामुख्याने' त्या वाहनासाठी योग्य असण्याची कसोटी लावते. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेतील रिले या विजेच्या स्विचांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २०२१ रोजी वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मर प्रकरणात वापराच्या कसोटीला झुकते माप दिले आणि ते रिले विद्युत उपकरणांच्या शीर्षकाऐवजी रेल्वे सिग्नल उपकरणांच्या ८६०८ मध्ये मोडतात असे ठरवले. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने वाहनांच्या भागांबाबत सूचना काढून, प्रत्येक प्रकरण त्याच्या तथ्यांवर आणि टिपांवर तपासावे असे अधिकाऱ्यांना सांगितले. केबिनमधील भागांसाठी या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न तसाच राहिला. त्यातच १ जानेवारी २०२२ पासून जुने ८८०३ शीर्षक जाऊन ८८०७ आले, त्यामुळे जुने निर्णय वाचताना आधी आकड्यांचे भाषांतर करावे लागते ते वेगळेच.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. भागावाचून विमान जमिनीवर उभे असते तेव्हा आयातदार वाद घालत बसत नाही. अधिकारी म्हणेल तो क्रमांक घालून माल सोडवून घेतो. पुढच्या खेपेला दुसऱ्या बंदरात दुसरा क्रमांक लागतो, आणि मग हीच विसंगती पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली जाते. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम २८ मध्ये कमी भरलेल्या शुल्काच्या मागणीची सामान्य मुदत दोन वर्षांची आहे. पाच वर्षांची मुदत संगनमत, हेतुपुरस्सर चुकीचे निवेदन किंवा माहिती दडवणे यांसाठी आहे. ज्या गादीबद्दल दोन जाणकारांचे एकमत होत नाही, तिच्याबाबतीत पाच वर्षांची नोटीस काढणे मला कायद्याच्या शब्दांशी विसंगत वाटते.

आयातीपूर्वीच वर्गीकरण ठरवून घेण्याची, म्हणजे आगाऊ निर्णयाची सोय आहे, हे मान्य. पण तो निर्णय त्या अर्जदारापुरताच बंधनकारक असतो, आणि हजारो सुटे भाग मागवणाऱ्या देखभाल केंद्राने प्रत्येक भागासाठी अर्ज करणे अशक्यच आहे.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. कलम १५१अ वर्गीकरणातील एकसमानतेसाठी मंडळाला आदेश काढण्याचा अधिकार देते. एखाद्या विशिष्ट प्रकरणाची आकारणी अमुकच करा असे मात्र त्यात सांगता येत नाही, आणि माझी मागणीही तशी नाही. आसने, त्यांचे भाग, सुट्या गाद्या व आवरणे, भिंतींचे पॅनेल, सामानाचे वरचे कप्पे आणि गॅली यांच्यासाठी दुसरी व तिसरी टीप कोणत्या क्रमाने लावायची हे सांगणारे एक परिपत्रक काढावे. ते काढण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तांत्रिक अधिकाऱ्यांना सोबत बसवावे, कारण 'प्रामुख्याने वापर' म्हणजे काय हे त्यांना कागदाआधी हाताने माहीत असते. आणि परिपत्रकाच्या तारखेपूर्वीच्या, वस्तूचे वर्णन खरे दिलेल्या आयातींना पाच वर्षांची मुदत लावू नये, असे त्यातच स्पष्ट लिहावे.

आपला विश्वासू,
सीमाशुल्क वर्गीकरणाचे काम करणारा एक सल्लागार