सिलिंडरवरचा मोर आणि पाटीवरचे नाव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात शहरातील एका कलाप्रदर्शनात स्वयंपाकाच्या गॅसचा एक रिकामा सिलिंडर मांडलेला पाहिला. त्याच्यावर तळापासून गळ्यापर्यंत सोलापुरी चादरीची नक्षी ऑइल पेंटने रंगवलेली होती. समोर उभ्या असलेल्या दोघा-तिघांच्या तोंडी एकच प्रश्न होता, ‘सिलिंडर रंगवला म्हणजे कला झाली का?’ जकार्ड मागाच्या चादरींची डिझाइने ग्राफवर काढण्यात माझी ३१ वर्षे गेली असल्याने या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटते, आणि त्यासोबत एक तक्रारही नोंदवायची आहे.

अशी कला नवी नाही. बेल्जियमचे कलावंत विम देल्वॉय यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस गॅसचे सिलिंडर आणि लाकूड कापण्याच्या गोल करवतीची पाती घेऊन त्यांवर डेल्फ्टची निळी-पांढरी नक्षी रंगवली. डेल्फ्ट हे नेदरलँड्समधील गाव. तिथल्या कुंभारांनी सतराव्या शतकात चिनी मातीच्या भांड्यांवरून ही नक्षी उचलली आणि पुढे ती घराघरांतील दिवाणखान्याच्या भिंतीवरची शोभा झाली. जी नक्षी पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची, तीच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्या असणाऱ्या सिलिंडरला चढवली की पाहणारा थबकतो, आणि कोणत्या वस्तूला आपण मान देतो व कोणतीला देत नाही, याचा विचार त्याच्या मनात सुरू होतो. काम त्या विचाराचे आहे, रंगाचे एकट्याचे नाही.

सोलापूरकरांना तर हे समजायला बेल्जियमपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या कथेत कुंभारकन्या त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरते, तेव्हा ते तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती देतात. त्या योगदंडाचे प्रतीक असलेल्या नंदीध्वजांना संक्रांतीच्या यात्रेत साज चढतो, बाशिंग बांधले जाते, बाराबंदी घातलेले मानकरी ते पेलत मिरवणुकीने नेतात आणि संमती कट्ट्यावर हजारो लोक त्यांच्यावर अक्षता टाकतात. उंच लाकडी काठी साज चढताच नवरदेव होते, आणि त्याबद्दल आपल्यापैकी कोणालाही शंका येत नाही. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या, खंडेनवमीला मागाला झेंडूचे हार घालणाऱ्या आपल्या शहराला रोजच्या वस्तूचे असे रूपांतर परके वाटावे, याचे मला नवल वाटते.

आता त्या सिलिंडरविषयी. त्यावरील मोराची मान मी जवळ जाऊन पाहिली. कुंचल्याने काढायची म्हटली तर मान सहज गोलसर वळवता येते, पण इथे ती बारीक बारीक पायऱ्यांनी वळत वर गेली होती. हे पाहून मला फार आनंद झाला, कारण चादरीवरचा मोर असाच असतो. ग्राफवरच्या चौकटी भरत डिझाइन तयार होते, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडली जातात, एका आडव्या धाग्याला एक याप्रमाणे ती कार्डे दोरीने ओवून त्यांची माळ मागावर चढते, आणि भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो. या रीतीत वळण हे पायऱ्यांनीच येते. रंगवणाऱ्याने त्या पायऱ्या पुसल्या नव्हत्या. शिवाय सिलिंडरच्या मागच्या बाजूस, जिथे सहसा कोणी पाहत नाही, तिथे नक्षीची दोन टोके तंतोतंत जुळवली होती; गोल वस्तूवर हे जुळवणे किती अवघड आहे, ते काम केलेल्यालाच कळेल.

माझी तक्रार इथे सुरू होते. खालच्या पाटीवर कलाकृतीचे नाव होते आणि कलावंताचे नाव होते. चौकशी केली तेव्हा कळले की प्रत्यक्ष रंगकाम शहरातील एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरने केले असून मजुरी देऊन त्याचा हिशेब पूर्ण झालेला आहे. कल्पना कलावंताची, हे मला मान्य आहे. तिचे श्रेय त्याच्याकडेच राहावे. परंतु मोराची मान चुकली असती, काठ मागे जुळला नसता, तर तीच कल्पना पाहणाऱ्यापर्यंत पोहोचली नसती. देल्वॉय यांचा लाकडात कोरलेला काँक्रीट मिक्सरही इंडोनेशियातील कारागिरांच्या हातून घडलेला आहे, आणि ती कलाकृती जगभर एकाच नावाने ओळखली जाते. परंपरागत नक्षीच्या आधारावर उभ्या राहणाऱ्या कलेने तरी नक्षी करणाऱ्याला पाटीबाहेर ठेवू नये.

हे मी दुसऱ्याच्या वतीने लिहीत असलो तरी त्यात माझे दुःखही आहे, ते लपवत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, गावाचे नाव झाले, याचा अभिमान मला आहेच. चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचे नाव विणलेले असते, आणि ती अक्षरेही मी चौकटी भरूनच काढत असे. डिझाइन कोणाचे, हे मात्र इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला कळले नाही, कारण ते कुठे लिहिण्याची पद्धतच नव्हती.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे की अशा प्रत्येक कलाकृतीच्या पाटीवर कल्पना कोणाची आणि हातकाम कोणाचे, या दोन्ही गोष्टी लिहाव्यात. आपल्या दैनिकालाही विनंती आहे की अशा प्रदर्शनांची बातमी देताना वार्ताहरांनी दुसरे नाव आवर्जून विचारावे आणि छापावे. प्रदर्शन या रविवारपर्यंत खुले आहे, आणि सिलिंडरखालच्या त्या पाटीवर आणखी एक ओळ बसेल एवढी जागा मी स्वतः पाहिली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जकार्ड डिझाइनर,
पूर्व भाग, सोलापूर