अण्णांना बेटावर न्यायचं का?

प्रिय बाब्या,

हे फोनवर बोलता येणार नाही. फोन लावला की मागे कुणीतरी असतंच, आणि अण्णांचे कान अजून तुला माहीत आहेत तसेच आहेत. म्हणून पत्र. सगळं वाचून झाल्याशिवाय वहिनीला काही सांगू नकोस, तिचा जीव लगेच खालीवर होतो.

माझं ठीक आहे. साखर आटोक्यात, गुडघा आहे तसाच. हीसुद्धा बरी आहे. झालं.

मनीचं लग्न ठरलं हे तुला कळलंय, पण कुठे ते अर्धंच कळलंय. सेशेल्स. त्यातही विमानतळ असलेल्या माहे बेटावर नाही, ला दीग नावाच्या चिमुकल्या बेटावर. पोरांनी ही जागा डोळे झाकून निवडली असं समजू नकोस. आधी बाली ठरत होतं. मग मनीने शोधून काढलं की तिथे वर्षातून एक दिवस, बहुधा मार्चमध्ये, संपूर्ण मौनाचा असतो आणि त्या दिवशी चोवीस तास विमानतळसुद्धा बंद राहतो. वर २०१७च्या नोव्हेंबरमध्ये आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे हाच विमानतळ बंद ठेवावा लागला होता आणि हजारो प्रवासी अडकले होते. मग मॉरिशस आलं, पण त्यांना सुट्टी मिळत होती जानेवारीत, आणि दक्षिण हिंद महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. बोलावलेली सगळी माणसं हॉटेलच्या खोल्यांत दारं लावून बसली आहेत, हे चित्र मला झोपेत दिसायला लागलं होतं.

सेशेल्स वाचतं ते विषुववृत्तामुळे. चक्रीवादळाला गरगर फिरायला पृथ्वीच्या फिरण्याचा रेटा लागतो, आणि विषुववृत्ताजवळ तो जवळजवळ नसतोच. माहे दक्षिणेला जेमतेम साडेचार अंशांवर. देशाच्या दूरच्या बेटांना मात्र ही सवलत नाही, २०१६च्या एप्रिलमध्ये फंताला वादळाने फार्कुहारची दाणादाण उडवली होती. हे सगळं मला मनीने समजावलं, नकाशा समोर ठेवून. बाब्या, भूगोलाच्या तासाला तू माझ्या मांडीवर पाय पसरून झोपायचास, आणि आता माझी लेक मला वारे शिकवते. मे ते ऑक्टोबर तिथे आग्नेयेचे वारे, त्यात समुद्र खवळलेला आणि काही किनाऱ्यांवर शेवाळाचे ढीग. डिसेंबर ते मार्च वायव्येचे, त्यात पाऊस. मधल्या काळात दर्या शांत. म्हणून त्यांनी सुट्टीच बदलून घेतली आणि एप्रिलचा शेवट धरला.

तिला पौर्णिमा हवी होती. तिथला तो प्रसिद्ध किनारा, आन्स सूर्स दार्जां, ग्रॅनाइटच्या प्रचंड गुळगुळीत शिळांमध्ये आहे, तू फोटो नक्की पाहिला असशील. पण पौर्णिमा म्हणजे उधाण. भरतीला तिथे शिळांच्या मधली वाळू आक्रसते, काही ठिकाणी उरतच नाही. शेवटी पौर्णिमेनंतरचे भांगाचे, म्हणजे भरती कमी चढते ते दिवस घेतले. वेळही काटेकोर. तिथे वर्षभर सूर्य सहा ते साडेसहाच्या सुमाराला बुडतो आणि आपल्याला वाटतो तसा संधिप्रकाश रेंगाळत नाही, भराभर अंधार होतो. नवरामुलगा अर्धा तास उशिरा आला तर कुणाचा चेहराही दिसायचा नाही. पोरगा वक्तशीर आहे, ती काळजी नाही. तुझ्यासारखा असता तर मी रात्रीचंच लग्न ठेवलं असतं.

आता खरं सांगतो. काळजी अण्णांची आहे.

त्यांच्या फुप्फुसांचं तुला ठाऊक आहे. तू गेल्या खेपेला आलास तेव्हा प्राणवायू फक्त रात्री लागायचा. आता दुपारीही लागतो, आणि अंघोळीनंतर ते पलंगावर बसून बराच वेळ काही बोलत नाहीत. डॉक्टरांनी विमानाबद्दल मला स्वच्छ समजावलं. समुद्रसपाटीला हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. विमानाच्या आत दाब राखलेला असतो खरा, पण तो ८००० फूट उंचीवर असावा इतपत उतरू शकतो, आणि तिथे शरीराच्या वाट्याला येणारा प्राणवायू म्हणजे जमिनीवर २१च्या जागी १५ टक्के प्राणवायूची हवा घेतल्याइतकाच. तुला मला काही वाटणार नाही, जांभई येईल फार तर. अण्णांचं आधीच काठावर आहे. घरचं सिलिंडर विमानात नेता येत नाही. हवेतून प्राणवायू वेगळा करणारं छोटं यंत्र चालतं, पण ते विमान कंपनीला मान्य असलेलं हवं, प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या हव्यात, आणि डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म आधी पाठवून मंजूर करून घ्यायला हवा.

एक चाचणीही असते. रुग्णालयातच खुर्चीत बसवून वीसेक मिनिटं १५ टक्के प्राणवायूची हवा श्वासात देतात आणि रक्तातला प्राणवायू किती उतरतो ते पाहतात. विमानात न बसता विमानात काय होईल ते कळतं. त्यावरून ठरतं, यंत्राशिवाय जाता येईल, यंत्र लावून जाता येईल, की मुळीच नाही.

आणि विमान उतरलं म्हणजे संपलं असं नाही. माहेहून प्रास्लिन बेटाला बोटीने तासभर, तिथून ला दीगला दुसरी बोट, पाव तासाची. चढताना उतरताना धक्क्यावर बोट हलत असते. बेटावर गाड्या मोजक्याच, लोक सायकलवर. त्या किनाऱ्याला वाळूतून चालत जायचं, आणि वाळूत चाकाची खुर्ची दोन पावलं जात नाही, चाकं रुतून बसतात. रुंद फुगीर टायरांची वेगळी खुर्ची येते, ती मिळाली तर प्रश्न नाही. हवा एप्रिलमध्ये दमट, आणि दमट हवेत अण्णांची छाती भरते. बेटावर लहानसं रुग्णालय आहे, पण मोठं रुग्णालय माहेवर, व्हिक्टोरियात. म्हणजे रात्री काही झालं तर परत तोच समुद्र. मी रोज झोपताना ही वाट मनात उलटी चालत जातो आणि दर वेळी दुसऱ्या बोटीपाशी अडतो.

आता जे झालं ते. मनी व्हरांड्यात त्या मुलाशी फोनवर बोलत होती. म्हणाली, आजोबांना जमणार नसेल तर आपण बेट सोडून देऊ, इथेच करू. अण्णा आतून आले. नळी नाकात, हात भिंतीला. मला वाटलं रागावतील. ते तिला म्हणाले, "माझ्या छातीवर तुझं लग्न टांगू नकोस. मला ते पेलवत नाही." मग माझ्याकडे वळून, "बाब्याच्या लग्नाला मी होतो. हिच्या लग्नाला का नाही, हे मला कुणीतरी नीट सांगा. बाकी सगळे माझ्याशी गोड बोलतात." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मनी रडली. मी बाहेरच उभा राहिलो. आणि मला पहिल्यांदा तू आठवलास, कारण त्या वाक्यातलं तुझं लग्न काय होतं हे तुझ्याशिवाय आणि अण्णांशिवाय कुणालाच माहीत नाही. मलाही नाही! रजिस्टर लग्न, तुझ्या घरचं कुणी नाही, साक्षीदार म्हणून माझे वडील, आणि मला रात्री पानावर बसल्यावर कळलं: "आज बाब्याचं लग्न लावून आलो. पाणी दे." तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून सांगितलं नाही, असं तू नंतर म्हणालास. ते मी तेव्हाही मान्य केलं नाही आणि आजही करत नाही. वाचनालयाच्या मागची भानगड मी कुणाला सांगितली होती का? तुझ्यापेक्षा मी अण्णांवर जास्त चिडलो होतो. आता वाटतं, त्या दिवशी त्यांनी सही केली नसती तर तू कुणाचा हात धरून त्या कचेरीत शिरला असतास? त्यांना त्या सहीचा केवढा अभिमान आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं.

सहीवरून आठवलं. तिथे कायदेशीर लग्न करता येतं, पण नोटिशीनंतर अकरा दिवस थांबायचं, नाहीतर विशेष परवाना घ्यायचा, मग दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, घेऊन तो इथे दाखवायचा. म्हणून हिचं म्हणणं, कागद इथेच करू, अण्णांची साक्षीदार म्हणून सही घेऊ, आणि बेटावर नुसता सोहळा. सोय म्हणून मला पटतं. पण ही पुढे म्हणते की मग अण्णांना बेटाचं दुःख राहणार नाही, ते मला पटत नाही. मी अण्णांना ही कल्पना सांगितली. ते लगेच म्हणाले, "सही करीन. पण सही म्हणजेच लग्न असेल तर तुम्ही सगळे तिकडे कशाला चाललात? तेही मला बघायचंय." यावर काय बोलणार, सांग.

धाकटा म्हणतो, पडद्यावर दाखवू, सगळे तसंच करतात. करू देत. मला माझे वडील तिवईवर ठेवलेल्या फोनमध्ये नको आहेत. त्यांना वाऱ्याचा आवाज ऐकू येईल आणि मनीचा नाही. ज्या माणसाने तुला मला मानेला धरून पाण्यात सोडलं आणि "समुद्र आला की मला आठवा" म्हणून सांगितलं, त्याने समुद्र बोटभर काचेत बघायचा?

माझ्या मनात आहे ते असं. चाचणी बरी आली तर ला दीग सोडायचं आणि माहेवरच करायचं. तिथे बो व्हालोंचा किनारा लांब, सपाट, वाळूचा आहे, व्हिक्टोरिया डोंगरापलीकडे काही किलोमीटरवर, म्हणजे रुग्णालय मोटारीने गाठता येतं आणि एकही बोट नाही. तोंड वायव्येकडे, सूर्यास्त मिळतो. शिळा तितक्या मिळत नाहीत. मनीला शिळांचं वाईट वाटेल, पण तिने मनातून कबूल केलंय, मला तिच्या चेहऱ्यावरून कळतं. लग्नानंतर ती दोघं जातील की ला दीगला, हवे तितके दिवस. आमची आरक्षणं अजून बदलता येण्यासारखी आहेत.

चाचणी वाईट आली तर अण्णा येणार नाहीत. ते त्यांना स्वच्छ सांगायचं. तब्येत सुधारली की बघू, असलं काही नाही. ते मास्तर होते, उत्तरपत्रिका लपवलेली त्यांना कळते.

आता तुझं काम. चाचणीला तू त्यांच्याबरोबर जा. मी गेलो तर ते माझ्याकडे बघून ताठ बसतील आणि धाप लागली तरी लपवतील. तुझ्यासमोर ते लपवत नाहीत, आईच्या वेळेलाही ते तुझ्यापाशीच बोलले. आकडा काय आला तो डॉक्टरांकडून तू समजून घे आणि तिथेच, त्याच खुर्चीपाशी, त्यांना सांग. मग मला.

दुसरं मागायला जड जातंय. ते येऊ शकले नाहीत तर ते चार-पाच दिवस तू त्यांच्याजवळ राहशील का? म्हणजे मनीच्या लग्नाला तू नसशील. तिला सायकल तू शिकवलीस, तिच्या दहावीचा निकाल माझ्याआधी तू पाहिलास, आणि मी तुला हे मागतोय. मनीला मी विचारलं. ती म्हणाली, आजोबा एकटे असतील तर मला तिकडे हसता येणार नाही, काका असतील तर येईल. भावाला ठेवता येईल, नर्स ठेवता येईल, पण त्या संध्याकाळी अण्णांशेजारी कुणी बसावं असं विचारलंस तर मला दुसरं नाव सुचत नाही. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. आपल्यात त्यावरून काही होणार नाही, याहून मोठं होऊन गेलंय.

तुझ्याकडचं काही विचारलंच नाही. निरोप समारंभ छान झाला म्हणे, भाषणात रडलास असंही कळलं. आता दिवसभर वहिनीच्या मागे मागे फिरू नकोस. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी? मुलाचं बाहेर जायचं ठरलं का? तो येऊन गेला तेव्हा अगदी तुझ्यासारखा चालत होता, ही म्हणालीसुद्धा. सविस्तर लिही.

चाचणी पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवायची म्हणतोय, तुला जमेल तो वार कळव. अण्णांना रविवारी सकाळी फोन कर, दहाच्या आत, तेव्हा त्यांचा आवाज चांगला असतो. मी लिहिलंय हे सांग. त्यांच्यापासून लपवून काही करायचं नाही, एवढं मी ठरवलंय. आणि तुझा पासपोर्ट काढून तारीख बघ. संपत आला असेल तर आजच नूतनीकरणाला टाक, कारण चाचणी चांगली आली तर विमानात त्यांच्या शेजारच्या सीटवर तू बसायचंस.

तुझा,
दिग्या