मोरचूद नको म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं काका म्हणते. मिरजेतले मासे पाळणारे ओळखतीलच.

क्वारंटाईनमधल्या, म्हणजे वेगळ्या टाकीत ठेवलेल्या, निळ्या टँग या समुद्री माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले. त्यावर औषध तांब्याचं, आणि ते शोधायला लांब जायची गरज नव्हती. मामांची तासगावला द्राक्षबाग, बोर्डोच्या फवारणीसाठी मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, पिशवी कायम घरात. "चिमूटभर टाक की," असं ते अगदी मायेनं म्हणाले. त्याआधी मी तुम्हाला फोन केला. पाणी नेमकं किती लिटर, तळाला वाळू आहे का, आणि तांबं मोजणार कशानं, हे तुम्ही औषधाचं नाव काढण्याआधी विचारलंत. बाकी सगळ्यांनी थेट बाटल्यांची नावं सांगितली होती.

मग तुम्ही हिशेब मांडलात. मोरचुदात तांबं साधारण पाव हिस्सा. खाऱ्या पाण्यात साध्या तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. म्हणजे १०० लिटरला मोरचूद फार तर ८० मिलिग्रॅम! चिमूट त्याच्या कितीतरी पट भरते. शिवाय अल्कधर्मी पाण्यात ते तांबं खाली बसत जातं, पातळी रोज घसरते, आणि फवारणीच्या मालात आणखी काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही.

तांब्याची बाटलीतली दोन औषधं, क्युप्रामाइन की कॉपर पॉवर, हा माझा खरा घोळ होता. क्युप्रामाइनला ०.५ पीपीएम (लिटरला तितके मिलिग्रॅम) पुरतं, पण तिथून थोडं वर गेलं की मासा खाणं सोडतो. कॉपर पॉवर चिलेटेड, त्यातलं तांबं दुसऱ्या रेणूला बांधलेलं, म्हणून मात्रा २ ते २.५ पीपीएम, पण ते पाण्यात टिकून राहतं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मी नवखी, नोकरीमुळे दिवसभर घराबाहेर. माझ्यासाठी स्थिर राहणारं औषध बरं, असं तुम्ही ठरवलंत. मला तो निर्णय आजही पूर्ण पटतो.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते क्रिप्टोकॅरिऑनबद्दल, म्हणजे हे पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीबद्दल. कातडीखाली बसलेल्या किड्याला तांबं लागत नाही, तळाला चिकटलेल्या कोषालाही नाही. मरतं ते कोषातून सुटून मासा शोधत पोहणारं पिल्लू. म्हणूनच ठिपके गेले तरी पातळी ३० दिवस धरून ठेवायची. वाळू आणि दगड तांबं शोषतात, त्यामुळे टाकीत लपायला फक्त पीव्हीसीचे तुकडे. फिल्टरमधला कोळसा काढायचा. आणि हे पाणी, ही जाळी, प्रवाळ किंवा कोळंबी असलेल्या टाकीजवळ कधीही न्यायची नाही.

तांबं मोजायचा तुमचा हॅना कंपनीचा मीटर तुम्ही माझ्या हातात ठेवलात, तो नसता तर हे सगळं कागदावरच राहिलं असतं. टँग आता नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ओढून खातो, अंग स्वच्छ आहे.

मीटर रविवारी घेऊन येते. मीटरला लागणाऱ्या रिएजंटची (चाचणीच्या पावडरची) जितकी पुडकी वापरली तितकी नवी मागवली आहेत. ती घ्यायला नाही म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
विश्रामबाग, सांगली