पुरवणीतलं कुलूप-किल्लीचं चित्र बदला

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जीन्सवर (म्हणजे पेशीतल्या जनुकांवर) लेख आला होता तो आमच्या पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पोरांनी कापून ठेवलाय. बरं वाटलं, कारण इकडं दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि मग एकदम इंग्रजीतलं बायोलॉजी अंगावर येतं, त्या पोरांना असलं काही वाचायला मिळायलाच हवं. पण त्यातलं चित्र बघून राहवेना म्हणून लिहितोय. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे कुठला जीन कधी चालू-बंद करायचा ते ठरवणारी प्रोटीन्स, ती डीएनएवर आपली जागा शोधतात आणि कुलपात किल्ली अडकल्यागत तिथंच बसून राहतात असं दाखवलंय. जिवंत पेशीत तसं नसतं ओ.

मुळात नुसती अक्षरं, म्हणजे डीएनएच्या साखळीतले चार प्रकारचे रासायनिक घटक, जुळली म्हणून भागत नाही. फॅक्टर ओळखतो ती खूण सहा अक्षरांची धरली तर ती निव्वळ योगायोगानं दर ४०९६ अक्षरांत एकदा येते, आपल्या ३०० कोटी अक्षरांत म्हणजे सातेक लाख ठिकाणी. एवढ्या सगळीकडं कोण बसतंय? बहुतेक डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो, एकेका गठ्ठ्याला १४७ अक्षरं, तिथं बहुतेक फॅक्टरांचा हात पोचत नाही, जो भाग मोकळा असेल तिथंच काम. फॉक्सए सारखे काही मोजके फॅक्टर मात्र बंद भागात पण शिरतात आणि बाकीच्यांना वाट करून देतात.

आणि बसणं म्हणाल तर तेही घटकाभराचंच. २००० साली अमेरिकेत मॅकनॅली, हेगर वगैरे मंडळींनी स्टेरॉइड ज्याला चिकटतं त्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला (हा पण ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच) चमकणारं हिरवं प्रोटीन जोडलं आणि जिवंत पेशीत तो डीएनएवर जिथं गोळा झाला होता तिथली चमक लेसरनं घालवली. काही सेकंदांत चमक परत! म्हणजे आधीचे उठून गेले आणि नवे येऊन बसले. सकाळच्या खानापूर-बेळगाव बसमध्ये सीट कायम भरलेली दिसते पण माणूस दर स्टॉपला बदललेला असतो, तसलंच. मग घट्ट बसल्याचं चित्र आलं कुठून, तर एक म्हणजे टेस्ट ट्यूबमधनं, तिथं हिस्टोनची भानगडच नसते, आणि दुसरं म्हणजे फॉर्मॅल्डिहाइड घालून पेशी जागच्या जागी गोठवायच्या पद्धतीमुळं. लाखो पेशी गोठवून एकत्र मोजल्या की जागा भरलेली तेवढी कळते, कोण किती वेळ टिकलं ते नाही. पद्धत वाईट नाही, आजही सगळे वापरतात, पण तिच्यावरनं हालचाल कशी दिसणार?

हे पुस्तकातलं वाटेल पण घरोघरी लागू आहे. कोविडात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सगळ्यांच्या तोंडी झालं, ऑक्सिजनवरच्या पेशंटांना त्याचा फायदा होतो हे २०२० च्या इंग्लंडमधल्या ट्रायलमध्ये दिसलं, आणि ते काम करतं याच ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्फत. प्रत्येक जातीच्या पेशीत डीएनएचा मोकळा भाग वेगळा, म्हणून तीच गोळी एकीकडं सूज उतरवते आणि लिव्हरमध्ये साखर तयार करायचे जीन चालवते. आमच्याकडं खाजेवर चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची ट्यूब आणायची, बरं वाटलं की महिनोनमहिने चोळत बसायची ही खोडच आहे, कातडी पातळ झाली की मग डॉक्टर. असलं एखादं उदाहरण लेखात टाकलं असतं तर पोरांच्या आईबापांनी पण वाचलं असतं.

पुढचा भाग कॅन्सरवर आहे असं शेवटी छापलंय, त्यात पी५३ येणारच. तो पण ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, निम्म्याच्या आसपास कॅन्सरमध्ये बिघडलेला असतो आणि बरेचसे बिघाड त्याच्या डीएनएला धरणाऱ्या भागातच सापडतात. तेव्हा चित्रकारांना आधीच सांगून ठेवा.

आपला,
पीयूसीला बायोलॉजी शिकवणारा एक वाचक
खानापूर, जि. बेळगाव