यंत्राआधी बाटली आणि ब्लॉक नीट करा

संपादक महाशय,

गाठीतला जनुकीय बदल शोधून त्यावर नेमके औषध देण्याची सोय लहान रुग्णालयांतही व्हावी, हे आता सगळेच म्हणतात. पण चर्चा फिरून फिरून सिक्वेन्सिंगच्या (डीएनएचा क्रम वाचण्याच्या) यंत्रापाशीच येते. लहान रुग्णालयाला ते यंत्र लागतच नाही. नमुना बाहेर पाठवता येतो. तो नीट काढणे आणि जपणे मात्र त्यांनाच करावे लागते, आणि घोळ नेमका तिथे होतो.

फुफ्फुसाची बायोप्सी घ्या. सुईने निघालेले तुकडे आगकाडीहूनही बारीक असतात. ते लगेच 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) जावेत आणि फॉर्मालिन तुकड्यांच्या किमान दहापट असावे. सलाइनमध्ये ठेवून ‘सकाळी बघू’ म्हटले की पेशी खराब होऊ लागतात. उलट, शनिवारी बाटलीत टाकलेला नमुना सुट्ट्यांमुळे आठवडाभर तसाच राहिला, तर डीएनएचे तुकडे पडतात आणि नसलेले बदलही तपासणीत दिसू शकतात. स्तनाच्या गाठीसाठी फॉर्मालिनमध्ये 6 ते 72 तास ही मर्यादा सर्वमान्य आहे. बाकीच्या बायोप्सींनाही तीच लावावी. हाडाचा नमुना तीव्र आम्लात मऊ केला, तर जनुकीय चाचणीच्या दृष्टीने तो संपलाच. वेळ जास्त लागला तरी तिथे ईडीटीए हे सौम्य रसायनच वापरावे.

पुढचे नुकसान ब्लॉकवर, म्हणजे नमुना मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यावर, होते. निदान पक्के करण्यासाठी एकामागून एक स्टेन (पेशी ओळखण्यासाठी कापांना रंग देऊन केलेल्या तपासण्या) मागवले जातात आणि ब्लॉक दर वेळी मायक्रोटोमवर (पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) नव्याने चढतो. त्याचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करण्यातच कितीतरी टिश्यू वाया जाते. फुफ्फुसाचा कर्करोग अॅडिनोकार्सिनोमा की स्क्वॅमस प्रकारचा, हे बहुतेकदा टीटीएफ-1 आणि पी40 या दोनच स्टेनवर ठरते. त्याच बैठकीत 4-5 मायक्रॉनचे दहा-पंधरा कोरे (न रंगवलेले) सेक्शन, म्हणजे काप, कापून ठेवावेत. तुकडे दोन असतील तर ब्लॉकही दोन करावेत, म्हणजे एक निदानात खर्ची पडला तरी दुसरा शाबूत राहतो. पाठवण्याआधी पॅथॉलॉजिस्टने कर्करोगाच्या पेशींचे प्रमाण फॉर्मवर लिहावे. ते 20 टक्क्यांहून कमी असेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबण्यात अर्थ नाही.

रक्तात मिसळलेला गाठीचा डीएनए शोधणारी चाचणी सोपी वाटते, पण तिचेही नखरे आहेत. साध्या ईडीटीए नळीतल्या रक्तातून काही तासांत प्लाझ्मा वेगळा केला नाही, तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो. कुरिअरने पाठवायचे असेल तर पेशी टिकवणारी खास नळी घ्यावी आणि ती फ्रीजमध्ये ठेवू नये. बदल सापडला तर उत्तम; नाही सापडला तर पुन्हा टिश्यूकडे वळावे.

सर्वांत महागात पडते ती घाई. पीडी-एल1चा (इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का, ते सुचवणाऱ्या प्रथिनाचा) रिपोर्ट आधी हाती येतो, रुग्ण खंगत असतो, आणि इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारा उपचार) सुरू होते. नंतर ईजीएफआर या जनुकातला बदल कळून त्यावरची ओसिमर्टिनिब ही गोळी द्यावी लागली, तर फुफ्फुसांना गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. थांबणे शक्य नसेल तर पहिली फेरी नुसत्या केमोथेरपीची द्यावी. गोळी सुरू करण्याआधी ईसीजी काढावा आणि क्षयाची औषधे चालू आहेत का, हे विचारावे. रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाने ओसिमर्टिनिबची रक्तातली पातळी इतकी घसरते की गोळी घेतली काय नि न घेतली काय, जवळपास सारखेच.

रिपोर्ट पानेच्या पाने असतो. त्यात ‘अर्थ अनिश्चित’ म्हणून नोंदलेल्या बदलावर औषध देऊ नये. शंका असेल तर मोठ्या केंद्राच्या ट्यूमर बोर्डापुढे (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीपुढे) केस व्हिडिओवरून मांडावी. त्यात कमीपणा कसला? गाठीत बीआरसीए या जनुकाचा बदल दिसला तर तो जन्मजात आहे का, हे वेगळ्या चाचणीने पाहावे, कारण मग प्रश्न रुग्णाच्या बहिणी-मुलींचाही असतो.

हे सगळे सांभाळायला एक परिचारिका आणि एक रजिस्टर पुरते. नमुना कधी काढला, फॉर्मालिनमध्ये कधी गेला, ब्लॉक कधी रवाना झाला, रिपोर्ट कधी आला आणि तो कोणी वाचला, असे रकाने आखावेत. शेवटचा रकाना बहुधा कोणी आखतच नाही, आणि आलेला रिपोर्ट ई-मेलमध्ये न उघडता पडून राहतो.

– कर्करोग निदान व उपचार क्षेत्रातील काही डॉक्टर आणि तंत्रज्ञ